गाडी कुठवर आली?

आमच्या जयपूरच्या सरकारी वसाहतीत जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या शेजारी, एक काळे पॅनल लावलेले आहे. आकार साधारण वहीएवढा. त्यावर लाल दिव्यांच्या ठिपक्यांनी चार ओळी उमटतात : गाडीचा क्रमांक, कोठून येते आहे, नियोजित वेळ आणि किती मिनिटे उशीर. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या मुलाने ते बनवले. हा मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने ते लावले त्या दिवसापासून वसाहतीतील माणसे येता-जाता तिथे थबकू लागली. कोणाची सून दिल्लीहून येणार असते, कोणाचे वडील अजमेरहून. आणि आम्हा मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर पुण्या-मुंबईकडून येणारी गाडी म्हणजे केवळ गाडी नसते. तिच्यातून भाजणी येते, गोडा मसाला येतो, मे महिन्यात आंब्याची पेटी येते आणि वर्षातून एकदा आई येते. घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

या जानेवारीत आई आली. वय ब्याऐंशी. ऐकू कमी येते, पण प्रवासाचा उत्साह माझ्याहून जास्त. पुण्याहून एक ओळखीचे जोडपे त्याच डब्यातून येणार होते, म्हणून तिला पाठवण्याचे धाडस झाले. धुक्याचे दिवस होते, गाडीला उशीर होणार हे गृहीतच होते. सकाळी जिना उतरतांना मी पॅनलवर पाहिले : ९५ मिनिटे उशीर. परत वर गेलो, चहा घेतला, दोन फाइली वाचल्या. तासाभराने पुन्हा पाहिले : ९५ मिनिटे. मग सावकाश हिशेब करून गाडी काढली आणि स्टेशनवर पोचलो.

आई फलाटावरच्या बाकावर शाल गुंडाळून बसलेली होती. चाळीस मिनिटांपासून. गाडीने वाटेत बराच वेळ भरून काढला होता. त्या जोडप्याला न्यायला टॅक्सी आली होती, तर हिनेच त्यांना "तुम्ही निघा, मुलगा येतोच आहे" असे सांगून वाटेला लावले होते. मला फोन का केला नाहीस असे विचारल्यावर म्हणाली, "अरे, तू गाडी चालवत असशील, उगाच कशाला?" त्या रात्री तिला ताप आला. तीन दिवसांनी उतरला, पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही.

चूक कोणाची? संध्याकाळी तो मुलगा रडवेला होऊन वर आला. त्याने शोधून काढले होते. तो ज्या खाजगी, अनधिकृत ठिकाणाहून गाड्यांची माहिती ओढून घेत असे, ते ठिकाण त्या पहाटे बंद झाले होते. यंत्राला नवे काही मिळेना, म्हणून त्याने शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत ठेवला. ९५ हा आकडा खोटा नव्हता, तो शिळा होता. आणि पॅनलवरचा शिळा आकडा ताज्या आकड्याइतकाच लखलखीत दिसतो. मी फोन काढून पाहिले असते तर खरे कळलेही असते. पण भिंतीवर दिसणाऱ्या आकड्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो, आणि मी तर जन्मभर भिंतीवरच्या तक्त्यांवर विश्वास ठेवत आलेला कारकुनी वळणाचा माणूस.

मी त्याला रागावलो नाही. त्याऐवजी हे यंत्र चालते कसे ते मला समजावून सांग, असे म्हटले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्किट कळत नाही, पण प्रश्न विचारता येतात. पुढचे दोन रविवार आमची शिकवणी चालली, आणि त्यातून जे कळले ते प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटल्याने इथे मांडतो आहे. (माझ्या खात्याचा रेल्वेशी संबंध नाही. मत व्यक्तिगत आहे.)

या यंत्राचा मेंदू म्हणजे अंगठ्याएवढी एक चिप. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकच काम निमूटपणे करणारा छोटा संगणक. तो वॉशिंग मशीनमध्येही असतो. पण २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची ईएसपी-८२६६ नावाची चिप बाजारात आली, तिच्यात वाय-फाय आधीच बसवलेले होते आणि किंमत अगदी थोडी होती. २०१६ साली तिची थोरली बहीण ईएसपी-३२ आली. आज ती काही शे रुपयांत मिळते. त्यामुळे जगभरच्या हौशी मुलांना अचानक असे शक्य झाले की एखादी वस्तू स्वतःहून इंटरनेटला प्रश्न विचारील आणि उत्तर दिव्यांवर दाखवील. आमचा हा मुलगा दर मिनिटाला प्रश्न विचारायला लावतो : अमुक क्रमांकाची गाडी कुठे आहे?

आता गंमत पाहा. या चिपची स्मरणशक्ती ५२० किलोबाइट. रेल्वेच्याच काय, आजच्या कोणत्याही संकेतस्थळाचे एक साधे पान चित्रे, रंग, जाहिराती मिळून याच्या कितीतरी पट मोठे असते. ते पान या चिपच्या पोटात मावतच नाही. तिला हवी असते दोन-तीन ओळींची कोरडी नोंद : गाडी, स्थानक, वेळ. म्हणजे मनुष्याच्या डोळ्यांसाठी बनवलेले पान आणि यंत्राला वाचता येणारी नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. "माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे" असे म्हणतांना आपण अधिकारी या दोहोंची गल्लत करतो.

जाता जाता आणखी एक अडचण त्याने दाखवली, ती मला मराठी माणूस म्हणून टोचली. इंग्रजी अक्षरे या पॅनलवर सहज उमटतात, पण देवनागरी जोडाक्षरे आणि वेलांट्या आयत्या मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामांना जुळवता येत नाहीत. 'पुणे' आणि 'दिल्ली' ही नावे त्याने चित्रांसारखी एकेक ठिपका मोजून काढली होती. 'सवाई माधोपूर'ला त्याला एक अख्खी दुपार लागली.

असो. मुख्य प्रश्न हा की ती कोरडी नोंद मुळात असते कोठे?

ती असते, आणि आपल्याच पैशाने तयार होते. पूर्वी एखादी गाडी स्थानकातून गेली की स्टेशन मास्तर ती वेळ टेलिफोनवर सेक्शन कंट्रोलरला कळवीत, आणि कंट्रोलर मोठ्या कागदावर पेन्सिलीने रेघ ओढीत. आडवी वेळ, उभे अंतर. तिरप्या रेघांचे ते जाळे ज्यांनी कंट्रोल ऑफिसात पाहिले आहे ते विसरणार नाहीत. एखादी रेघ सपाट झाली की समजावे, गाडी उभी आहे. पुढे ही रेघ संगणकावर आली आणि त्या नोंदींवरून राष्ट्रीय गाडी चौकशी प्रणाली लोकांना उत्तरे देऊ लागली. हे सारे बांधण्याचे श्रेय रेल्वेच्याच 'क्रिस' या, १९८६ साली स्थापन झालेल्या माहिती-प्रणाली केंद्राला आहे. त्यानंतर इस्रोच्या सहकार्याने इंजिनांवरच उपग्रहाधारित यंत्रे बसवण्याचे काम सुरू झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले होते की २१ विद्युत लोको शेडांच्या २,७०० इंजिनांवर ती बसली आहेत आणि पुढच्या टप्प्यात आणखी ६,००० इंजिने घेतली जातील. ही यंत्रे दर ३० सेकंदांनी गाडी कोठे आहे ते कळवतात. स्टेशन मास्तरांनी टेलिफोन उचलण्याचीही गरज नाही. हे काम खरोखर कौतुकास्पद आहे आणि ते आपल्या माणसांनी केले आहे.

म्हणजे दिल्लीत बसलेल्या संगणकाला आईची गाडी कोठे आहे ते ठाऊक होते. आमच्या जिन्याखालच्या पॅनलला नव्हते. मधली कडी म्हणजे यंत्राने वाचावी अशी, विनामूल्य, नोंदणी करून कोणाही नागरिकाला मिळणारी अधिकृत नोंद. ती रेल्वेने सामान्य माणसाला दिलेली नाही. संकेतस्थळ दिले, ॲप दिले, १३९ हा क्रमांक दिला. मुंबईकरांसाठी मध्य रेल्वेने २०२२ साली 'यात्री' ॲपवर लोकल गाड्यांचे थेट स्थान दिले. म्हणजे प्रत्येक वेळी तयार ताट वाढले, पण शिधा कोणाच्या हाती दिला नाही.

ज्यांना शिधा मिळत नाही ते काय करतात? एक तर चोरून ओढतात, जसे आमचा मुलगा करीत होता, आणि मग एका पहाटे नळ बंद होतो. नाहीतर दुसरीच विहीर खणतात. बंगळूरच्या काही तरुणांनी 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप काढले. गाडीत बसलेल्या प्रवाशाचा फोन वाटेतल्या कोणत्या मोबाइल टॉवरच्या कक्षेत आहे, यावरून ते गाडी कोठे आहे हे ओळखते. त्याला उपग्रहही लागत नाही आणि इंटरनेटही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. मला त्या तरुणांचे कौतुकच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हे विचित्र आहे. सरकारने खर्च करून जी माहिती जमवली, तीच माहिती पुन्हा एकदा प्रवाशांच्या खिशातील फोनांवरून जमवावी लागली, आणि त्या जमवणुकीची मालकी परदेशी कंपनीकडे गेली.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की काही वस्तू अशा असतात ज्या एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाहीत. दीपगृहाचा उजेड हे नेहमीचे उदाहरण. गाडी सवाई माधोपूरहून ९ वाजून १२ मिनिटांनी सुटली, ही माहिती मी वापरल्याने तुमच्यासाठी कमी होत नाही. ती एकदा तयार झाल्यावर आणखी एकाला देण्याचा खर्च जवळजवळ शून्य. अशा वस्तूला कुलूप लावून कोणाचाच लाभ होत नाही. लंडनच्या वाहतूक संस्थेने आपल्या बस-गाड्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यातून प्रवाशांना, लंडन शहराला आणि त्या संस्थेला मिळून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होतो, असा अंदाज डेलॉइटने २०१७ साली काढला. लाभ कशाचा, तर मुख्यतः वाचलेल्या वेळेचा. तिथली हौशी मुले हीच ईएसपी चिप घेऊन घराच्या भिंतीवर स्टेशनसारखे फलक लावतात, आणि त्यांना कोणाच्या मागल्या दाराने जावे लागत नाही. परदेश कशाला, दिल्ली सरकारच्या परिवहन विभागाने आयआयआयटी-दिल्लीच्या साहाय्याने २०१८ साली शहर बसच्या थेट नोंदी अशाच खुल्या केल्या. बसला जमले ते गाडीला न जमण्याचे कारण दिसत नाही.

कोणी म्हणेल, हातात फोन असतांना भिंतीवरचा फलक कशाला? त्यांनी गांधीनगर स्थानकाबाहेरच्या रिक्षा थांब्यावर अर्धा तास उभे राहावे. (हे तेच स्थानक, जे फेब्रुवारी २०१८ पासून सर्वस्वी महिला कर्मचारी चालवू लागल्या.) दिल्लीकडची गाडी येणार म्हणून रिक्षावाले रांग लावतात, गाडी तासभर येत नाही, तो तास त्यांना कोणी भरून देत नाही. फोन त्यांच्याकडेही आहे. पण एका नजरेत येणाऱ्या चार गाड्या दिसणे आणि दर पाच मिनिटांनी फोनवर एकेक क्रमांक टाकत बसणे यात फरक आहे. हॉस्टेलच्या पहारेकऱ्याला, धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला, चहाच्या टपरीवाल्याला असा हजार-दोन हजारांचा फलक परवडू शकतो. रेल्वेला सबंध देशात असे फलक लावायचे म्हटले तर निविदा निघेल, तीन वर्षे जातील. लोक स्वतःच्या खर्चाने लावायला तयार आहेत, त्यांना फक्त नोंद हवी आहे.

आता हरकती. त्या मला चांगल्या ठाऊक आहेत, कारण अशा हरकती मी स्वतः लिहिल्या आहेत. साधारण २००९ सालची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका खात्यात होतो. एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी आमच्याकडील रोजचे आकडे संगणकावर वापरता येतील अशा तक्त्यात मागितले. आमच्याकडे ते तक्ते होते. परंतु संकेतस्थळावर आम्ही त्यांची छापील पाने स्कॅन करून टाकत असू. मी फाइलवर लिहिले : "मागितलेली माहिती विभागाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. सबब स्वतंत्रपणे देण्याची आवश्यकता नाही. प्रकरण बंद करावे." वरिष्ठांनी सही केली. मला त्या टिपणीचा थोडा अभिमानही वाटला होता, इतकी ती नेटकी होती. दीड वर्षाने त्या प्राध्यापकांचे पत्र आले. त्यांच्या विद्यार्थिनींनी अकराशे पाने हाताने उतरवून काढली होती, त्यात आम्हाला काही चुका आढळल्यास कळवाव्यात अशी नम्र विनंती होती. सोबत कटुतेचा एक शब्द नव्हता. माझ्या संगणकात जी फाइल होती ती पाठवायला मला दोन मिनिटे लागली असती.

मग मी असे का लिहिले? माहिती गोपनीय नव्हती. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तोवर आला होता. कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रकट करावी, असे त्याचे कलम ४ सांगते. पुढे २०१२ साली केंद्राचे माहिती-सामायिकीकरणाचे राष्ट्रीय धोरण आले, त्यात यंत्राने वाचता येण्याजोग्या स्वरूपाचा उल्लेखही आला. कायदा आणि धोरण दोन्ही देण्याच्या बाजूचे. तरी मी नाही लिहिले, कारण 'हो' लिहिले असते तर पुढे काही चुकल्यास माझी सही सापडली असती. 'नाही' लिहिणाऱ्याला आमच्या व्यवस्थेत कोणी जाब विचारत नाही.

रेल्वेच्या बाबतीत उघडपणे सांगितली जाणारी हरकत सुरक्षेची असू शकते. सैनिकी आणि मालवाहू गाड्या खुशाल वगळाव्यात. परंतु प्रवासी गाडी कोठे आहे हे ध्वनिक्षेपकावर ओरडून सांगितले जाते आणि संकेतस्थळावर कोणालाही दिसते, मग तीच गोष्ट यंत्राला सांगितल्याने कोणता धोका वाढतो? दुसरी हरकत संगणकांवर पडणाऱ्या भाराची. तिच्यात तथ्य आहे. म्हणूनच नोंदणी असावी आणि एका मिनिटात किती प्रश्न विचारावेत याची मर्यादा असावी. उलट आज चोरून ओढणारे सबंध पाने ओढतात, त्याचा भार जास्त.

न बोलली जाणारी हरकत मात्र वेगळी आहे, असा माझा कयास आहे. इथे मुख्यालय असलेल्या उत्तर पश्चिम रेल्वेचाच एक खटला सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. अलवरच्या एका प्रवाशाने जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू गाडीने सहकुटुंब प्रवास केला. गाडी जवळपास चार तास उशिरा पोचली आणि पुढचे श्रीनगरचे विमान चुकले. ग्राहक मंचाने भरपाई दिली. गाडी वेळेवर पोचण्याची हमी आमचे नियम देत नाहीत, असा रेल्वेचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. उशिराचे कारण रेल्वेनेच सिद्ध केले पाहिजे, नाहीतर भरपाई द्यावी लागेल, असा निर्णय झाला. अशा निकालानंतर कोणत्याही खात्यातल्या सावध अधिकाऱ्याच्या मनात येईल की मिनिटा-मिनिटाची नोंद लोकांच्या हाती देणे म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच वाटणे. हा विचार मनुष्यस्वभावाला धरून आहे, पण चुकीचा आहे. उशीर झाला हे प्रवाशाला कोणी सांगावे लागत नाही, तो त्या गाडीत बसलेला असतो. आगाऊ कळलेल्या उशिराने मात्र त्याचे नुकसान कमी होते.

इथे एक भेद करायला हवा, तो मला त्या ९५ च्या आकड्याने शिकवला. गाडी अमुक स्थानकावरून अमुक वाजता गेली, ही घटना आहे. ती पुढे किती वाजता पोचेल, हा अंदाज आहे. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडा मोकळा वेळ राखलेला असतो, त्यामुळे कोट्याला दीड तास मागे असलेली गाडी जयपूरला पाऊण तासच उशिरा येऊ शकते. खात्याला अंदाजाची जबाबदारी नको असेल तर त्याने अंदाज देऊ नये, फक्त घटना द्यावी, आणि ती किती वाजता नोंदली तेही द्यावे. अंदाज लोक आपापले बांधतील. कदाचित खात्याहून बरे बांधतील.

आईला बरे वाटल्यावर एका दुपारी आम्ही तिला जंतरमंतरला नेले. सवाई जयसिंगांच्या पदरी महाराष्ट्रातून गेलेले पंडित जगन्नाथ सम्राट होते, ज्यांनी युक्लिड आणि टॉलेमी यांचे ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले, हे सांगितल्यावर तिला तिथल्या दगडांबद्दल अचानक आपुलकी वाटू लागली. सम्राट यंत्राची सावली जयपूरची स्थानिक वेळ दाखवते. ती आपल्या घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे, ऋतूप्रमाणे थोडी कमी-अधिक. "म्हणजे ह्यांचं घड्याळ पण उशिराच!" आई म्हणाली. तो मुलगाही बरोबर होता. त्याने तिथे लावलेला फरकाचा तक्ता बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "अंकल, देखिए, यहाँ करेक्शन भी लिखा है।"

परत आल्यावर त्याने आपल्या प्रोग्राममध्ये दोन बदल केले. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी ती माहिती किती वाजताची आहे ते दिसते, आणि दहा मिनिटांहून जुनी झाली की आकड्याच्या जागी रेघा उमटतात. नवीन स्रोत त्याला अजून मिळालेला नाही, म्हणून सध्या चारही ओळींवर रेघाच आहेत.

माझ्या मते सुरुवातीला चार रकाने पुरेत : गाडीचा क्रमांक, स्थानकाचा संकेत, प्रत्यक्ष आल्या-गेल्याची वेळ आणि नोंद झाल्याची वेळ. आरंभ एका विभागापासून, समजा जयपूर विभागापासून, सहा महिन्यांसाठी करावा. नोंदणी करणाऱ्यांची संख्या पाहून पुढे ठरवावे. दीड पानांची टिपणी होईल. ती या स्वरूपात मी नागरिक म्हणून टपालाने पाठवली आहे, पोच मिळाली आहे, आणि कोणाला तिचा मसुदा हवा असल्यास मी तो यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात देईन.